‘अर्ध्या तासाचे काम, दोन दिवस’ या अभिप्रायास उत्तर

नमस्कार. “विंडोज टाकायच्या अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस लावले आणि शेवटी माझाच पेनड्राइव्ह खराब ठरवला,” असे लिहून आपण आम्हाला एकच तारा दिला आहे. काम अडले तेव्हा आम्ही स्वतःहून फोन करायला हवा होता. तो केला नाही, याबद्दल क्षमा मागतो.

मात्र ‘अर्धा तास’ हे शब्द फार लागले. नवा ग्राहक हेच वाचून आमच्याकडे यायचे की नाही ते ठरवणार आहे, त्यामुळे घडले ते सांगणे भाग आहे. डिस्क कोरी असेल आणि पेनड्राइव्ह नीट तयार केलेला असेल, तर विंडोज अर्ध्या तासात बसते, हे मी नाकारत नाही. पण आपला लॅपटॉप सुरूच होत नव्हता आणि त्यातील फोटो व हिशेबाच्या फायली जाता कामा नयेत, असे आपणच बजावले होते. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे डेटा कुलूपबंद ठेवणारे विंडोजचे एन्क्रिप्शन, लावलेले होते. अशी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली, तरी ४८ अंकी रिकव्हरी की दिल्याशिवाय तिच्यातील एकही फाइल वाचता येत नाही, आणि ती की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती. सोमवारी दुपारी मागितलेली की आम्हाला मंगळवारी अकरा वाजता मिळाली. पार्टिशन पुसून टाकले असते, तर सोमवारीच लॅपटॉप आपल्या हाती पडला असता, पण फोटोंशिवाय. ते मी केले नाही आणि कुणाच्याही बाबतीत करणार नाही.

फायली उतरवून घेतल्यावर सेटअपमध्ये डिस्क दिसेना. स्टोरेज ड्रायव्हर (विंडोजला डिस्क ओळखता यावी यासाठीचे छोटे सॉफ्टवेअर) लोड करताच ती दिसली, त्यात वेळ गेला नाही. वेळ गेला तो पुढे. आपल्या आग्रहाखातर आपल्याच पेनड्राइव्हवरून सुरू केलेले इन्स्टॉलेशन फायली कॉपी होताना ०x८००७०५७० हा एरर देऊन दोनदा थांबले. हा एरर पेनड्राइव्हमुळे येतो, तसा डिस्क किंवा रॅममधील दोषामुळेही येतो, म्हणून रात्रभर रॅमची तपासणी लावली. तीत काही निघाले नाही. आधी दुसरा पेनड्राइव्ह लावून पाहिला असता, तर ती एक रात्र वाचली असती, एवढे मान्य करतो.

बुधवारी विंडोजची अधिकृत आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची संपूर्ण प्रत) उतरवून, तिचा एसएचए-२५६ (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तपासणी-कोड) जुळवून, ती आमच्या १६ जीबी पेनड्राइव्हवर लिहिली आणि त्याच डिस्कवर, त्याच रॅमवर विंडोज पहिल्याच प्रयत्नात बसले. तरीही आपल्या वस्तूला उगाच नाव ठेवायचे नव्हते, म्हणून तीच आयएसओ फाइल आपल्या पेनड्राइव्हवर कॉपी करून परत वाचली, तर एसएचए-२५६ जुळला नाही. पेनड्राइव्ह खराब असल्याचे आम्ही त्यानंतरच म्हणालो; ते सांगताना सूर तुटक वाटला असेल, तर त्याबद्दलही दिलगीर आहे.

यापुढे काम लांबणार असे दिसताच ग्राहकाला कळवण्याची व्यवस्था आम्ही करत आहोत. उतरवून घेतलेले आपले फोटो आणि फायली लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये ‘जुना डेटा’ या फोल्डरमध्ये आहेत. त्यांची दुसरी प्रत कृपया त्या पेनड्राइव्हवर ठेवू नये.