पन्नास खर्रे आणि आठवीतला पोट्टा

आत्ता घरी पोचले. साडीसुद्धा बदलली नाही. आधी हे लिहून टाकते, नाही तर झोप लागायची नाही.

नणंदेच्या मुलीचं साक्षगंध होतं, ब्रह्मपुरीकडे. कार्यक्रम छान झाला, मुलगा चांगला आहे, पोरगी खूश आहे. जेवणं आटोपल्यावर पुरुषमंडळी मांडवात खुर्च्या गोल करून बसली. तेवढ्यात नणंदेचा धाकटा, आठवीतला पोट्टा, कापडी थैली घेऊन एकेकासमोर जायला लागला. मला वाटलं सोप-सुपारी वाटतोय. थैलीत खर्रे होते, सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेले. रबर लावलेल्या पन्न्या, पन्नास तरी असतील. पाहुण्यांसाठी खास घोटून आणलेले! एका काकाजींनी आपला उचलला आणि दुसरा त्या पोराच्याच खिशात कोंबला. "ठेव बे, मोठा झाला आता तू." सगळे हसले.

मी उठले, त्याच्या खिशातली पन्नी काढली आणि काकाजींच्या मांडीवर ठेवली. त्यानंतर जे बोलले ते इथे लिहीत नाही, सासरचे बरेच जण माझ्या यादीत आहेत. "वहिनी, शुभकार्यात कशाला?" असं धाकटे दीर म्हणाले. ह्यांनी मान खाली घातली. सासूबाईंनी डोळ्यांनी सांगितलं, तोंड उघडू नको.

तोंड उघडू नको! मला हे सांगता? माझ्या दादाचं तोंड उघडत नाही हो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही दोघं नागपुरात फुटाळा तलावावर गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खायला गेलो होतो. त्याच्या प्लेटमध्ये पहिली पुरी पडली, त्याने ती तोंडाशी नेली आणि ती आत जाईना. पुन्हा प्रयत्न केला. मग त्याने ती बोटाने फोडली, पाणी सांडून दिलं आणि तुकडे तुकडे आत सरकवले. म्हणाला, "आजकाल तिखट लय झोंबते, म्हणून." मी हसले. खरंच हसले, म्हटलं म्हातारा झालास. पुढे डॉक्टरांनी त्याला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. आपली सगळ्यांची जातात, आत्ता वाचता वाचता बघा घालून. त्याचं दीड बोट गेलं.

हे सुपारीचं काम. तंबाखू नंतर येतो, गाल आधी सुपारी खाते. आतली कातडी पांढरी पडते, चामड्यासारखी ताठ होते, तिखट झोंबायला लागतं आणि जबडा हळूहळू मिटत जातो. मिटलेला पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. खाणं सोडलं तर फार तर तिथेच थांबतो, आणि कधी तोही थांबत नाही. नुसत्या सुपारीनेसुद्धा कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने 2004 मध्येच छापलंय. तरी आपल्याकडे "मी तंबाखू कुठं खातो, साधी सुपारी आहे" म्हणणारे घरोघरी. आणि खर्ऱ्यात तर सगळंच आहे, सुपारी, तंबाखू, चुना, एकाच पन्नीत घोटून.

व्यायाम म्हणून दादा आइस्क्रीमच्या काड्या दातांत घालून बसायचा. रोज एक काडी वाढवायची. चौदा झाल्या की आम्ही टाळ्या वाजवायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा.

लोक म्हणतात दारू वाईट, गांजा वाईट, ते एमडी का काय पुण्यामुंबईत सापडतं ते वाईट. टीव्हीवर पाकिटं दिसली की आपण च्‌ च्‌ करतो, कसली ही आजकालची पोरं. आणि खर्रा? खर्रा म्हणजे पाहुणचार. खर्ऱ्यासाठी घर विकलेला माणूस दिसत नाही, खर्रा खाऊन कोणी बायकोला मारत नाही, म्हणून त्याला व्यसन म्हणायचंच नाही. दादाने चार वेळा सोडला. तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसायचा, पोट साफ होत नाही म्हणायचा, पोरांवर खेकसायचा, आणि वहिनीच शेवटी कंटाळून म्हणायची, जा बाबा खाऊन ये. हे व्यसन नाही तर काय शौक आहे?

आणि बंदी आहे म्हणे! 2012 च्या जुलैत राज्यात गुटखाबंदी झाली, खर्रा-मावाही बंदीत आहे. बंदी असलेली वस्तू मांडवात थैलीतून वाटली जाते. अजून एक सांगते. 2015 चा बाल न्याय कायदा आहे, त्याचं कलम 77. लहान मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. मोजा आता मांडवातले किती आत गेले असते. काकाजी पहिले. पोराला थैली देऊन पाठवणारा नवरदेवाचा मामा दुसरा.

हो, पानठेलेवाल्यांचंही पोट आहे, कबूल. रोवणीला दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईला तोंडात काही असलं की भूक कळत नाही, तेही कबूल. तिला मी बोलणार नाही. पण मांडवात कोणी रोवणी करत नव्हतं. पोटभर जेवून बसले होते सगळे.

आता थोडं शांत झाले. चहा ठेवला.

खरं सांगू का, त्या पोट्ट्याच्या हातातली थैली पाहून मला जे झालं ते काकाजींमुळे नाही झालं. दादा कॉलेजात होता तेव्हा त्याचा खर्रा आणायला मीच जायची. चौथी-पाचवीत असेन. पानठेलेवाला पन्नीत सुपारी टाकायचा, तंबाखू, वरून चुना, आणि लाकडाच्या पाटीवर हाताने घर्र घर्र घोटायचा. पन्नी हातात यायची तेव्हा गरम असायची. ती मी मुठीत धरून पळत आणायची, थंड होऊ नये म्हणून. कारण दादाला गरम आवडायचा. उरलेल्या पैशांची संत्रागोळी माझी.

मला कोणी थांबवलं नाही. बाबा ओट्यावरच बसलेले असायचे.

दादाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे तीस शेक झाले. जबड्याचा डावा भाग काढला आणि छातीचं मांस आणून गालाला लावलं. छातीची कातडी ती, तिच्यावर केस येतात. तोंडाच्या आत. महिन्यातून एकदा वहिनी टॉर्च धरून बारीक कात्रीने ते कापते. हे मी आज मांडवात सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. भांडले फक्त.

त्या पोट्ट्याने निघताना विचारलं, "मामी, तुम्ही माझ्यावर रागावल्या का?" नाही रे राजा. तुझ्यावर कशी रागावू.

नणंदबाई वाचत असतील तर वाचू द्या. उद्या फोन येईल, मी उचलेन.

भिवापूरच्या पुढे गाडीत होतो तेव्हा दादाचा मेसेज आला. बोललेलं कळत नाही म्हणून तो आता लिहूनच पाठवतो. दोन वर्षांपासून पातळ वरण, दूध, मिक्सरमधून काढलेला भात, एवढंच चालू आहे त्याचं. विचारत होता, साक्षगंधात जेवायला काय होतं?

लिहिलं, आलू-वांगं, पुरी, कढी, बुंदी.

लगेच उलट आलं, "वांग्यावर तर्री होती का?"

होती रे दादा. लालभडक होती.