अलाइनरने हृदयविकार टळत नाही

गेल्या आठवड्यापासून सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "पारदर्शक अलाइनरने दात सरळ करा, अर्धशिशी, अपचन, हृदयविकार कायमचे विसरा." दवाखान्यात रोज कुणीतरी मोबाईल पुढे करून विचारतंय, म्हणून हा खुलासा. अलाइनर म्हणजे दातांवर घालायचा, काढता येणारा पारदर्शक प्लास्टिकचा साचा; असे साचे एकामागून एक बदलत दात सरकवतात.

यातला खरा भाग छोटा आहे. दाटीवाटीने आलेल्या दातांच्या फटीत ब्रश नीट पोचत नाही, तिथे कीटण साचतं, हिरड्यांतून रक्त येतं. दात ओळीत आले की सफाई सोपी होते. (ब्रश मात्र हातात घ्यावाच लागतो.) हिरड्यांचे आजार आणि हृदयविकार यांचा संबंध अभ्यासांत दिसतो, पण दात सरळ केल्याने हृदयविकार टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. अर्धशिशीचंही तेच.

मेसेजात न लिहिलेली गोष्ट: एक अलाइनर दात साधारण पाव मिलिमीटरच सरकवतो, तोही दिवसाचे 20 ते 22 तास घातला तर. खाताना काढायचा. काल एका कॉलेजच्या मुलीने काढून दाखवला, तर पिवळाधमक! भडंग खाताना तसाच ठेवला होता. आमची हळद प्लास्टिकलाही सोडत नाही. गरम चहाने तो वाकतो, ते वेगळंच.

"घरीच ठसा घ्या, डॉक्टर नको" ही मेसेजातली दुसरी ओळ (ठसा म्हणजे अलाइनरसाठी घेतलेलं दातांचं माप) तर सरळ धोक्याची. हिरड्या सुजलेल्या, हाड झिजलेलं असताना दात सरकवले तर ते हलायला लागतात. आधी तपासणी आणि एक्स-रे, मग अलाइनर. उपचार संपल्यावर रिटेनरही (दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन) घालावा लागतो, नाहीतर दात पुन्हा जुन्या जागेकडे निघतात.