डॅटसन २४० झेड आणि स्विफ्ट स्पोर्ट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डॅटसनची १९७०च्या सुमाराची स्पोर्ट्स कार २४० झेड आणि सुझुकीची स्विफ्ट स्पोर्ट यांची मी तुलना केली होती. त्यावर "कुठे २४० झेड आणि कुठे भाजी आणायची स्विफ्ट! सहा सिलिंडर, १५१ हॉर्सपॉवर, मागच्या चाकांना ताकद. अशा गाडीची ही तुलना म्हणजे तिचा अपमान," असं तुम्ही लिहिलंय. आणि शेवटी, दोन्हींतली मी कुठली घेईन, हेही विचारलंय. सांगतो.

आधी ते १५१. हा आकडा त्या काळच्या अमेरिकी 'ग्रॉस' पद्धतीचा आहे. इंजिन गाडीबाहेर काढून, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे काहीही न जोडता मोजलेला. अमेरिकेत १९७२च्या मॉडेलांपासून 'नेट', म्हणजे हे सगळं जोडून मोजलेले, आकडे छापायला लागले आणि सगळ्याच गाड्यांची ताकद कागदावर धाडकन उतरली. स्विफ्ट स्पोर्टचे १४० नेट आहेत. तेव्हा झेड अकराने पुढे, हा हिशेब जमत नाही.

दुसरं, भाजी आणायची स्विफ्ट वेगळी. मी लिहिलं ते २०१७च्या स्पोर्टबद्दल, १.४ लिटर टर्बोवाली. ती सुझुकीनं भारतात विकलीच नाही. जपानमधल्या मॅन्युअल गाडीचं वजन ९७० किलो. झेडचं साधारण १,०४५. हल्लीच्या गाड्या फुगल्यात अशी ओरड मीही करतो, पण इथे पन्नास वर्षांनी धाकटी गाडी हलकी आहे! शंभरचा वेग दोघी आठ सेकंदांच्या आसपास गाठतात. मग तुलना का करू नये?

आणि अपमान कसला? १९७० साली अमेरिकेत झेड ३,५२६ डॉलरला मिळत होती. जॅग्वार ई-टाइपसारखी महागडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार परवडत नाही अशा नोकरदार माणसाला लांब बोनेटची, चारी चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली गाडी मिळावी, हाच युताका कातायामांचा डाव होता. डॅटसन हा निस्सानचाच ब्रँड, आणि कातायामा निस्सानचा अमेरिकेतला कारभार बघत. तिला देव्हाऱ्यात बसवलंय ते आपण. एरवी ती चांगली राकट होती. १९७१ आणि १९७३ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली तिनं चिखलाधुळीतून जिंकली. दुसऱ्या वेळी स्टिअरिंगवर आपल्याच वंशाचा शेखर मेहता होता.

इंजिनाबद्दल मात्र तुमच्याशी भांडणार नाही. स्विफ्टचा टर्बो अडीच हजार आरपीएमलाच सगळा टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर, ओतून मोकळा होतो. वर नेण्यात मजा उरत नाही. झेडचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन चार हजारांच्या पुढे खरं जागं होतं, आणि तो आवाज स्विफ्टच्या बापजन्मात येणार नाही. पण थंड सकाळी गिअरच्या दांड्याशेजारचा चोक ओढून, दोन्ही कार्बोरेटर एका सुरात येईपर्यंत थांबावं लागतं. डिकीच्या दाराचं रबर कडक झालं असेल तर सायलेन्सरचा धूर आत येतो, कपड्यांना पेट्रोलचा वास राहतो. ओल्या घाटात १७५ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि मागचे ड्रम ब्रेक घेऊन उतरताना मला तरी स्विफ्टच आठवेल. एअरबॅगचं तर नावच नको.

तर घेईन कुठली? रोजच्याला स्विफ्ट, दुसरा विचार नाही. आणि चैनीला पैसे असलेच, तर झेड. पण रंगावर भुलून नाही. बॅटरीखालचा पत्रा आणि कार्पेट उचलून पायाखालचा पत्रा आधी बघेन. तिथे सडली असेल तर मालक फुकट देतो म्हणाला तरी नको.