बाग हवी? मग आधी झाडं लपवा

मागच्या सोमवारी आमच्या ओपन स्पेसची फाइल तिसऱ्यांदा परत आली. तेव्हा कॉलनीत सरकारी पैशातून बाग कशी करावी, यावर सल्ला द्यायला माझ्याइतका लायक माणूस सध्या जळगावात नाही.

आधी योजना निवडा. 2015 ला केंद्राची अमृत योजना आली, तेव्हा पाणी-गटारांच्या जोडीने बागांनाही 2.5 टक्के ठेवले होते. तुमच्या वाट्याचे कुठे जिरले ते शोधू नका, उन्हात चक्कर येते. 2020 पासून राज्याची माझी वसुंधरा आहे. तिच्यात भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश ही पाचही महाभूतं आहेत. सहावं आवक-जावकच्या टेबलावर बसतं. पहिला नारळ त्याला.

लेआउटवाला सध्या कुठे राहतो ते शोधून ठेवा. सातबाऱ्यावर अजून तोच आहे.

अंदाजपत्रकात पेव्हर ब्लॉक, कमान, हायमास्ट आणि ग्रीन जिम भरपूर घाला. झाड शक्यतो नको, फारच वाटलं तर कमानीजवळ एक कुंडी.

अर्ज कधी द्यावा? एप्रिलमध्ये गेलात तर 'आत्ताच तर वर्ष सुरू झालं'. मार्चमध्ये गेलात तर 'निधी संपला'. मधे आचारसंहिता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या जागेवर चुकूनही झाड लावू नका. आम्ही लावली. दोन वर्षांपूर्वी सात-आठ घरांनी वर्गणी काढून 40 कडुनिंब लावले. मे महिन्यात इथे पारा 45 च्या आसपास असतो. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, कूलरमध्ये उरलेलं पाणी, जे मिळेल ते घातलं. 26 जगले. फाइलला जीपीएसवाला फोटो लागतो, तो मी भोळेपणाने झाडांसकट काढला. शेरा आला: 'जागेवर काम आधीच सुरू असल्याचे दिसते. सुरू झालेल्या कामास अनुदान अनुज्ञेय नाही.'

म्हटलं, साहेब, काम नाही हो, झाडं आहेत.

"मग बागेत दुसरं काय असतं?"

बिनतोड. मोकळ्या जागेचा फोटो आणा म्हणाले. म्हणजे झाडं तोडू का? तर तोडायला परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे, खालच्या मजल्यावर जा. खालच्या मजल्यावर अर्जात रकाना: झाड तोडण्याचे कारण. काय लिहू? बाग करायची आहे? वर गेलो, तर साहेब साइटवर. कुठल्या साइटवर ते कोणालाच माहीत नाही. बाकावर एक आप्पा आपली फाइल मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हई जाई, भाऊ." त्यांचं कधीपासून चाललंय, ते विचारायची हिंमत झाली नाही.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी उजाड डोंगर राखायला घेतला, कुऱ्हाडबंदी केली, जंगल उभं केलं. त्यात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री जाहीर झाली. नशीब त्यांचं, की पहिल्या वर्षी कोणी मोकळ्या डोंगराचा जीपीएस फोटो मागितला नाही. नाहीतर अजून तिसऱ्या त्रुटीतच असते.

जाऊ द्या, मला नाही जमत हे हसत हसत लिहायला. साहेब, लाज वाटू द्या थोडी. जगलेली 26 झाडं फोटोतून गायब करा म्हणताना जीभ अडखळली नाही तुमची? या गावात दुपारी कुत्रंसुद्धा उभ्या ट्रकखाली सावली शोधतं, आणि तुम्हाला रिकामी जमीन बघायचीय? पाणी आम्ही घातलं, कुंपणाचे काटे आम्ही वाहून आणले. तुमच्याकडे मागितलं काय, तर एक बोअर आणि तारेचं कुंपण. तुमचीही पोरं याच उन्हातून शाळेत जातात ना?

आणि कॉलनीवाल्यांनो, तुम्हीही फार शहाणे नाहीत. गाडी लावायला त्याच झाडाची सावली पाहिजे, पण बादलीभर पाणी घालायची वेळ आली की सगळ्यांचे गुडघे दुखतात. वर्गणीचे दोनशे रुपये चार घरांनी अजून दिलेले नाहीत. नावं मला पाठ आहेत.

फाइल मी चौथ्यांदा देणार आहे. फोटो तोच, झाडांसकट. आज सहा वाजता टँकर येतोय, बादल्या घेऊन या. आणि कोपऱ्यातल्या कडुनिंबाला साखळीने सायकल कोणी बांधलीय, त्याने ती आधी सोडा. साल निघतेय त्याची.