विकलेली जमीन पुन्हा विकणाऱ्यांसाठी कायदेशीर मार्गदर्शन

इंदुरात सुपर कॉरिडॉरच्या आसपास, उज्जैन रोडला किंवा बायपासच्या पलीकडे आपण चार एकर जमीन घेतली असेल, तिच्यावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले असतील आणि त्यांतला एखादा प्लॉट उत्साहाच्या भरात तीन वेगवेगळ्या सद्गृहस्थांना विकला गेला असेल, तर सर्वप्रथम मन शांत ठेवावे. ठाण्यातून टी.आय. साहेबांचा, म्हणजे ठाणेदारांचा, निरोप आला म्हणजे आपण गुन्हेगार ठरलात असे मुळीच नाही. इंदुरात जमिनीच्या धंद्यात असलेल्या माणसावर एकही एफ.आय.आर. नसेल, तर लोक त्याच्याकडे नवखा म्हणूनच पाहतात.

वकिलाकडे जाण्यापूर्वी पैसे कोणत्या तारखेला घेतले ते पाहून ठेवावे. 1 जुलै 2024 पूर्वी घेतले असतील तर आपल्याला जुन्या दंडसंहितेचे कलम 420 लागेल आणि त्यानंतर घेतले असतील तर भारतीय न्याय संहितेचे कलम 318, उपकलम 4. शिक्षा दोन्हीकडे सारखीच, म्हणजे सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तरीही, जुन्या पिढीच्या व्यावसायिकांना 420 या आकड्याचा जो लळा लागला आहे तो पाहता, ज्यांचे व्यवहार 2012 चे आहेत त्यांनी स्वतःला भाग्यवान समजायला हरकत नाही. मात्र ‘बारा वर्षे झाली, आता कोण काय करणार’ या भरवशावर राहू नये. ज्या गुन्ह्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा आहे, त्यांची दखल घेण्यासाठी फौजदारी कायद्याने मुदतीची मर्यादा ठेवलेली नाही. संसदेचा हा संकुचितपणा आहे, पण त्याला इलाज नाही.

आता मुख्य औषधाकडे वळू. ते एकाच वाक्यात मावते: ‘हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे.’ हे वाक्य सकाळ-संध्याकाळ म्हणावे, ठाण्यात म्हणावे, न्यायालयात म्हणावे आणि लोकमान्य नगरातले निवृत्त बँक कारकून काका फंडाच्या पैशांची पावती घेऊन दारात उभे राहिले तर त्यांच्यासमोरही म्हणावे. यामागे भक्कम आधार आहे. फसवणुकीची व्याख्या करताना 1860 च्या दंडसंहितेने काही उदाहरणे दिली होती, आणि ती नव्या संहितेतही तशीच आली आहेत. त्यांतले सातवे उदाहरण निळीच्या व्यापाऱ्याचे आहे. नीळ देतो म्हणून पैसे घेतले आणि देण्याचा इरादा पहिल्यापासूनच नव्हता, तर ती फसवणूक. पण पैसे घेताना माल देण्याचा इरादा होता आणि करार नंतर मोडला, तर ती फसवणूक नव्हे, केवळ दिवाणी दाव्याचा विषय. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हृदय रंजन प्रसाद वर्मा यांच्या प्रकरणात हेच बजावले: बेइमानीचा हेतू अगदी आरंभी असला पाहिजे, नंतर वचन मोडले एवढ्यावरून तो आरंभी होता असे गृहीत धरता येत नाही. तोही जमिनीच्याच विक्रीचा खटला होता आणि विक्रेते त्यातून सुटले होते, हे मनोधैर्यासाठी लक्षात ठेवावे.

तेव्हा आपला बचाव पक्का झाला. आपण निळीचे व्यापारी आहात. पैसे घेतले त्या दिवशी आपले अंतःकरण निर्मळ होते. पुढे बाजार बसला, नगर तथा ग्राम निवेश कार्यालयातून नकाशा मंजूर होईना, भागीदार फिरला, शेतकऱ्याच्या बहिणींनी हिस्सा मागितला, आणि आपण परिस्थितीचे बळी ठरलात.

इथे एकच किरकोळ अडचण येते. ज्या पानावर सातवे उदाहरण आहे, तिथेच थोडे खाली नववे आहे. एका माणसाने आपली मालमत्ता विकून तिचे हस्तांतरण करून दिले. त्या विक्रीमुळे तिच्यावर आपला हक्क उरला नाही हे त्याला ठाऊक होते. तरी पहिल्या विक्रीची गोष्ट न सांगता त्याने तीच मालमत्ता दुसऱ्याला विकली किंवा गहाण टाकली आणि पैसे घेतले. ही फसवणूक आहे, असे कायदा तिथे स्पष्ट सांगतो. सुपर कॉरिडॉरचे स्वप्नही कुणाला पडले नव्हते, इंदुरात अजून तुकोजीराव होळकर दुसरे गादीवर होते, तेव्हा कलकत्त्यात बसून कुणीतरी आपला संपूर्ण व्यवसाय तीन ओळींत लिहून ठेवला. आपल्याला वाटत होते की ही कल्पना आपली स्वतःची आहे. फौजदारी खटल्याचा सगळा खेळ आपल्याला सातव्या उदाहरणात ठेवायचे की नवव्यात ढकलायचे एवढ्यावरच चालतो. आपले वकील पहिल्यासाठी फी घेतात आणि सरकारी वकील दुसऱ्यासाठी पगार.

त्यातही एक बारीक फट आहे, ती सांगितली नाही तर हे मार्गदर्शन अपुरे राहील. नवव्या उदाहरणात पहिली विक्री पूर्ण झालेली असावी लागते. आपण तर कुणाचीच रजिस्ट्री केली नाही! तिघांनाही नुसत्या डायरीवर प्लॉट दिले. ही डायरीची पद्धत इंदूरच्या व्यापारी बुद्धीचे फळ आहे आणि तिच्याकडे जवळून पाहिले पाहिजे. खिशातल्या डायरीचे एक पान फाडलेले असते. वर उजवीकडे तारीख, मधोमध प्लॉट नंबर 47, त्याखाली 20×50, मग फुटाचा भाव, मग नुसता ‘8’ हा आकडा, ज्याचा अर्थ आठ लाख हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणतात, आणि खाली एक लफ्फेदार वळसा, जो सही आहे की पेन चालते का ते पाहिले आहे, हे कुणालाही सांगता येऊ नये. स्टांप नाही, साक्षीदार नाही, कॉलनीचे नावही नाही. ‘काका, मंजुरी आली की दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री,’ असे म्हणून आपण ते पान हातावर ठेवता आणि काका ते पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये सरकवून देव्हाऱ्याच्या खणात ठेवतात.

हे पान मालकी देत नाही, हे खरे. पण मालकी न देणारे हे पान आरोपपत्रात फार बोलू लागते, कारण त्यावर आरंभ लिहिलेला असतो. काकांच्या पानावरची तारीख, स्कीम नंबर 78 मधल्या डॉक्टरीणबाईंच्या पानावरची तारीख आणि महूच्या सुभेदारांच्या पानावरची तारीख एकाच आठवड्यातल्या निघाल्या, तिन्हींवर 47 निघाला आणि तिन्ही वळसे हस्ताक्षरतज्ज्ञाच्या भिंगाखाली जुळले, तर ‘पैसे घेताना इरादा शुद्ध होता’ हे वाक्य न्यायाधीशांसमोर म्हणताना आपल्याला हसू आवरावे लागेल. व्यवहार त्यानंतरचा असेल तर भर म्हणून 2016 चा रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या नियमनाचा कायदा आहे. नोंदणीशिवाय प्लॉटची जाहिरातही करू नये आणि लेखी करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये, असे तो म्हणतो. आपण शंभर टक्के घेतली, तीही तिघांकडून. म्हणून ज्यांनी अजून धंदा सुरू केलेला नाही अशा होतकरू वाचकांना माझा कळकळीचा सल्ला आहे की पैसे घेण्याच्या दिवशी, निदान त्या दिवसापुरते, मनापासून प्रामाणिक राहावे. कायद्याला तेवढे पुरते. तेवढेही ज्याला जमत नाही त्याला कोणताही वकील वाचवू शकत नाही.

बनावट दस्तऐवजाच्या कलमांना मात्र घाबरू नये. ती अतिशय भारी आहेत, मौल्यवान दस्तऐवजाच्या बनावटीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि म्हणूनच पोलीस ती आधी लावतात. पण 2009 साली मोहम्मद इब्राहीम विरुद्ध बिहार राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक नाजूक भेद केला. दुसऱ्याची जमीन स्वतःची म्हणून स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच सहीने विकणारा माणूस खोटे बोलत असेल, पण तो ‘खोटा दस्तऐवज’ तयार करत नाही, कारण दस्त त्यानेच केलेला आहे आणि दस्तही तेच सांगतो. शिवाय अशा व्यवहारात फसला तर खरेदीदार फसला, मूळ मालक नव्हे. तेव्हा शेजाऱ्याची जमीन विकायची झाल्यास ती ताठ मानेने, आपल्या नावावर विकावी. शेजाऱ्याच्या मृत वडिलांच्या जागी पंच्याहत्तरीचा एखादा भाडोत्री म्हातारा उप-पंजीयकासमोर, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, उभा करण्याचा मोह टाळावा. तिथे फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, आणि नोंदणी अधिनियमाचे कलम 82 अशा तोतयेगिरीला स्वतंत्रपणे सात वर्षांपर्यंतची कैद देते. बाकी नोंदणी कार्यालयाची फारशी भीती नको. विकणाऱ्याची मालकी तपासणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे कामच नव्हे, असे 2025 मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. ‘रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारने खात्री केली,’ असे समजणारा खरेदीदार हेच आपले खरे भांडवल आहे, त्याला जपावे.

आपण गृहनिर्माण सहकारी संस्थेचे अध्यक्ष असाल तर गोष्ट थोडी निराळी आहे. या शहरात अशा संस्थांमधले कित्येक सभासद तारुण्यात पैसे भरून आता नातवाच्या मुंजीचे वय गाठलेले आहेत. वरीयता सूची, म्हणजे सभासदांची ज्येष्ठता यादी, कपाटात ठेवून संस्थेची जमीन घाऊक भावात एखाद्या बिल्डरला देणे आणि जुन्यांच्या जागी मेहुणे, साडू आणि ड्रायव्हर सभासद करून घेणे ही रीत आता सर्वांना पाठ झाली आहे. यात फसवणुकीपेक्षा विश्वासघाताचे कलम जवळचे. दोन्ही एकदम लावले असतील तर वकिलाला सांगावे की एकाच घटनेत दोन्ही गुन्हे नांदू शकत नाहीत, असे 2024 मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात म्हटले गेले आहे. पैसे सोपवले तेव्हा आपण प्रामाणिक होतात की नव्हतात, यांतले एक काहीतरी फिर्यादी पक्षाने ठरवावे. ते ठरेपर्यंत आणखी दोन-चार सभासद वारतील.

अटकेचे म्हणाल तर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असे अर्णेश कुमार प्रकरणापासून, म्हणजे 2014 पासून, चालत आले आहे. नोटीस आली की वेळेवर जावे, चहा घ्यावा, फाईल घरी राहिल्याचे सांगावे. अटकपूर्व जामिनाच्या सुनावणीत ‘साहेब, मी सगळे पैसे परत करतो’ असे भावनेच्या भरात बोलून जाऊ नये. जामिनाचे न्यायालय वसुलीची कचेरी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. पण आपण होऊन दिलेले वचन मोडले तर तेच न्यायालय भलतेच मनावर घेते. दलाल, साक्षीदार आणि भागीदार यांना कटाचे कलम लागेल; ते आपल्याविरुद्ध काय बोलतील याचा अंदाज त्यांचे कमिशन थकले आहे की नाही यावरून बांधावा. कंपनी काढली असेल तर केवळ संचालक आहे म्हणून फौजदारी जबाबदारी आपोआप येत नाही, या तत्त्वाचा आधार जरूर घ्यावा, फक्त सगळ्या पावत्यांवर तोच वळसा नसावा.

फसवणूक हा मनी लाँडरिंग कायद्याच्या अनुसूचीतला गुन्हा आहे, ही गोष्ट वहिनींना हळूच सांगून ठेवावी. बिजासनच्या बाजूचे त्यांच्या नावावरचे फार्महाऊस कोणत्या पैशांतून झाले, हे विचारायला आलेले अधिकारी निळीचे उदाहरण ऐकून घेत नाहीत.

शेवटी तडजोड. फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो. बनावटीचा तसा मिटत नाही, त्यासाठी एम.जी. रोडवरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाऊन, 2012 च्या ज्ञान सिंग निकालाचा हवाला देऊन, कारवाई रद्द करून मागावी लागते, आणि तिथे गुन्ह्याचे स्वरूप पाहतात. म्हणून घाई करू नये. काकांचा गुडघा बदलायचा होईपर्यंत, नातीच्या लग्नाची तारीख निघेपर्यंत थांबावे. मग त्यांना तुकोगंजच्या ऑफिसात सन्मानाने बोलवावे, कचोरी मागवावी आणि 2012 साली दिलेले आठ लाख, आठच, चेकने पुढे करावेत. 47 नंबरच्या प्लॉटचा आजचा भाव त्यांनी काढला, किंवा इतक्या वर्षांच्या व्याजाची गोष्ट काढली, तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून आदराने सांगावे की काका, तो दिवाणी प्रश्न आहे.