‘एकदा झाला की पुन्हा होत नाही’ हे डेंग्यूबाबत साफ खोटे आहे

या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यापासून व्हॉट्सॲपवर एक ढकलपत्र फिरते आहे. ‘गणपतीला मायदेशी येणाऱ्या बंधुभगिनींसाठी’ अशी त्याची सुरुवात आहे आणि शेवटी एका डॉक्टरांचे नाव आहे, पण त्यांची पदवी नाही की गाव नाही. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. भारतात जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या रक्तातच डेंग्यूची प्रतिकारशक्ती असते, शिवाय ज्याला तो एकदा होऊन गेला त्याला पुन्हा होत नाही. डेंग्यूच्या लशीने फिलिपीन्समध्ये मुले दगावली, म्हणून ती घेऊ नये. डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, तेव्हा पायांना खोबरेल तेल लावले की पुरे. रात्री मच्छरदाणीत झोपावे. आणि ताप आलाच तर पपईच्या पानांचा रस घ्यावा, ताप उतरला की रुग्ण बरा झाला असे समजावे.

एरवी असल्या मजकुराकडे मी काणाडोळा करतो. परंतु लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने तो वाचून मे महिन्यात ठरवलेली स्वतःची लशीची वेळ रद्द केली आणि ‘मला कॉलेजात असतानाच पुण्यात डेंग्यू झाला होता, आता मला कशाला हवी लस?’ असे वर मलाच ऐकवले. त्यामुळे गप्प बसणे शक्य राहिले नाही.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावरच अधिक लिहितो. डेंग्यूचा विषाणू एक नाही, त्याचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ टिकणारे संरक्षण मिळते. उरलेल्या तिघांपासून मिळणारे संरक्षण मात्र काही महिन्यांत ओसरते. त्यानंतर वेगळ्या प्रकाराचा विषाणू शरीरात शिरला, तर जुनी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) त्याला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत, आणि चिकटलेल्या त्या जोडगोळीला रक्तातील काही पांढऱ्या पेशी आपल्या आत ओढून घेतात. ज्या पेशींनी विषाणूचा नायनाट करायचा त्यांच्यातच तो वाढू लागतो. म्हणूनच गंभीर डेंग्यूचा धोका पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला अधिक असतो. ही काही कालपरवाची शंका नव्हे. क्यूबामध्ये १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची मोठी साथ आली आणि ती तुलनेने सौम्य होती. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, दुसऱ्या प्रकाराचा विषाणू त्याच बेटावर पसरला तेव्हा ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली आणि १५८ माणसे मरण पावली, त्यांत १०१ मुले होती. ‘एकदा झाला की पुन्हा होत नाही’ असे लिहिणाऱ्याने हे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत.

राहिला ‘रक्तातच असते’ हा भाग. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७-१८ मध्ये १५ राज्यांतील ५ ते ४५ वर्षे वयाच्या १२,३०० लोकांचे रक्त तपासले, तेव्हा ४८.७ टक्के लोकांना पूर्वी कधीतरी डेंग्यूची लागण झाल्याचे आढळले. पश्चिम भारतात हे प्रमाण ६२.३ टक्के होते. ५ ते ८ वर्षांच्या मुलांमध्ये मात्र ते देशभरात २८.३ टक्केच होते. ही प्रतिपिंडे वारशाने आली असती तर वयाबरोबर वाढली नसती. ती डास चावून मिळवलेली आहेत. आईकडून बाळाला काही प्रतिपिंडे मिळतात एवढे खरे, आणि ढकलपत्रातल्या या वाक्याला जो काही आधार आहे तो इतकाच. पण तीही पहिल्या वर्षातच विरत जातात, आणि विरताना एक अशी अवस्था येते की वर सांगितलेल्या कारणामुळे तान्ह्या बाळाला पहिल्याच लागणीत गंभीर डेंग्यू होऊ शकतो. लंडनमध्ये जन्मून तिथेच वाढलेल्या माझ्या दोन्ही भाच्यांच्या रक्तात पुण्याच्या डासाविरुद्ध काहीही साठवलेले नाही. त्यांचे आडनाव वाचून डास मागे फिरेल अशी कोणाची समजूत असल्यास त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

लशीच्या मुद्द्यात एक अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य केले पाहिजे. फिलिपीन्स सरकारने एप्रिल २०१६ मध्ये शाळकरी मुलांना ‘डेंगव्हॅक्सिया’ ही लस देण्यास सुरुवात केली आणि ती आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेली. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी सनोफी या उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की, ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही त्यांना या लशीनंतर डेंग्यू झाल्यास तो अधिक गंभीर होऊ शकतो. मोहीम थांबली, चौकशा झाल्या, आणि लोकांचा इतर लशींवरचाही विश्वास उडाला. त्या देशात २०१९ मध्ये गोवराची मोठी साथ आली, तिच्या कारणांत या अविश्वासाचाही वाटा होता. तेव्हा या लशीबाबत घाबरण्यासारखे काहीच घडले नाही असे मी म्हणणार नाही. मात्र ज्यांचा धोका वाढला ती पूर्वी डेंग्यू न झालेली मुले होती. ढकलपत्राने हा तपशील गाळला आणि डेंग्यू होऊन गेलेल्यांनाही लशीपासून दूर राहायला सांगितले.

शिवाय ब्रिटनमध्ये प्रवाशांना मिळते ती लस वेगळी आहे. ‘क्यूडेंगा’ ही ताकेदा या जपानी कंपनीची लस असून तिचे दोन डोस तीन महिन्यांच्या अंतराने घ्यावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२४ मध्ये तिच्यासंबंधी आपली भूमिका प्रसिद्ध केली आणि तीत प्रवाशांसाठी स्वतंत्र विवेचन आहे. ज्यांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे आणि जे डेंग्यूच्या प्रदेशात जाणार आहेत, त्यांनी ही लस घेण्याचा विचार करावा, कारण दुसरी लागण अधिक गंभीर होऊ शकते. ज्यांना तो कधीच झालेला नाही अशा प्रवाशांना तिचा फायदा कमी आहे. त्यांचे तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारापासून संरक्षण होईलच असे नाही, आणि या दोन प्रकारांची लागण झाल्यास आजार गंभीर होण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे त्यांना आधीच सांगावे. ब्रिटनच्या लसीकरण सल्लागार समितीनेही ही लस पूर्वी डेंग्यू झालेल्या प्रवाशांपुरतीच सुचवली आहे. म्हणजे जिला लशीचा विचार करण्यास सांगितले आहे ती माझी बहीण, आणि नेमकी तीच हा मजकूर वाचून माघारी फिरली. मे महिन्यात पहिला डोस घेतला असता तर ऑगस्टच्या सुट्टीत निघण्यापूर्वी दुसरा झाला असता. आता ते गणित या वर्षापुरते तरी चुकले.

या लशीने डेंग्यू होणारच नाही असेही कोणी समजू नये. आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील वीस हजारांवर मुलांवर झालेल्या चाचणीत साडेचार वर्षांच्या पाठपुराव्यानंतर तिची परिणामकारकता डेंग्यूविरुद्ध ६१.२ टक्के, तर रुग्णालयात दाखल करावे लागण्याजोग्या डेंग्यूविरुद्ध ८४.१ टक्के दिसली. ही मुले ४ ते १६ वर्षांची होती, हेही ध्यानात ठेवावे. लशीत जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू असल्यामुळे गर्भवतींना, अंगावर पाजणाऱ्या मातांना आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना ती देत नाहीत. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ‘इकडे आल्यावर घे, स्वस्त पडेल’ असा एक सल्लाही आला. भारतात पॅनेशिया बायोटेक आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या ‘डेंगीऑल’ या एका डोसच्या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथून सुरू झाली आहे आणि तिचा पाठपुरावा दोन वर्षांचा आहे. चाचणी चालू असलेली लस पेठेतल्या दवाखान्यात मागून मिळत नाही.

गुडघ्यांचा आणि मच्छरदाणीचा मुद्दा एकत्रच निकालात काढतो. एडिस इजिप्ती या डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची मादी बऱ्याचदा घोट्यांभोवती चावते हे खरे. पण ती वर उडत नाही असा अर्थ त्यातून निघत नाही. सिंगापूरच्या उंच इमारतींत वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनाही डेंग्यू होतो, आणि पाळण्यात किंवा पलंगावर झोपलेल्या बाळाचे गुडघे कुठे असतात याचाही विचार व्हावा. ही मादी दिवसा चावते, सकाळी लवकर आणि सूर्य मावळण्यापूर्वीच्या एकदोन तासांत अधिक. म्हणजे नेमके घरचे सारे आरतीच्या तयारीत असतात तेव्हा. रात्रीची मच्छरदाणी मलेरियाच्या डासासाठी चांगली आहे, आणि दिवसा झोपणाऱ्या बाळासाठी ती अवश्य लावावी. पाहुण्यांनी डीट किंवा पिकारिडिन ही डासांना दूर ठेवणारी द्रव्ये असलेले मलम उघड्या अंगाला लावावे, सनस्क्रीन वापरत असल्यास ते आधी आणि मलम नंतर. खोबरेल तेल केसांना लावावे.

यजमानांनाही काम आहे. आईकडे गेलो असता फ्रीजच्या मागचा ट्रे ओढून पाहिला, तर बोटभर स्वच्छ पाण्यात अळ्या वळवळत होत्या. गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या बशांत आणि मनीप्लँटच्या बाटलीत तोच प्रकार. अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस, म्हणजे साठलेले पाणी ओतून देण्याचा दिवस, पाळायचा असतो. नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते, कारण कडेला चिकटलेली अंडी पाण्यावाचून महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की उबतात.

पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचे काही छोट्या चाचण्यांत दिसले आहे. जीव वाचल्याचे सिद्ध झालेले नाही. मुळात गंभीर डेंग्यूत केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपू लागतो आणि रक्तदाब कोसळतो, आणि ही अवस्था बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरत असतानाच सुरू होते. ‘ताप उतरला की बरा’ हे वाक्य म्हणूनच भयंकर आहे. ताप उतरल्यावर पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची ग्लानी किंवा अस्वस्थता यांपैकी काहीही दिसले तर रसाची वाटी बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. ब्रुफेन आणि ॲस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. परत गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप आला, तर लंडनच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘मी पुण्याहून आले आहे’ असे सांगावे आणि पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही डेंग्यूची रक्ततपासणी करण्याविषयी विचारावे. ताईला हे मी लेखी पाठवले आहे.