चांदीचा पूल, ऐंशी लाख बळी आणि खरं पोतोसी

आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसी या शहरावरचा एक मजकूर माझ्यापर्यंत चार-पाच वेळा पोचला, दर वेळी नव्या माणसाकडून. त्याचा सारांश असा: सोळाव्या शतकात दक्षिण अमेरिकेत अख्खं चांदीचं एक शहर होतं. त्याचे रस्ते चांदीने मढवले होते आणि ते लंडन-पॅरिसहून मोठं होतं. तिथे निघालेल्या चांदीचा माद्रिदपर्यंत पूल झाला असता, आणि खाणीत मेलेल्या ८० लाख मजुरांच्या हाडांचा दुसरा, परतीसाठी. सगळी चांदी स्पेनने नेली. डॉलरचं चिन्ह तिथल्याच टांकसाळीचं. ‘चांदीची नगरी’ शोधणाऱ्या सगळ्या साहसकथा याच शहरावरून निघाल्या, आणि आज तिथे फक्त पडकी घरं उरली आहेत.

हा मजकूर पूर्ण खोटा असता तर मी सोडून दिला असता. पण त्यातली निम्मी वाक्यं सत्याच्या कडेकडेने जातात, आणि हे शहर नेमकं कशावर उभं होतं ते मात्र एकही वाक्य सांगत नाही.

पुलापासून सुरुवात करू, कारण हा हिशेब कुणालाही मांडता येतो. पोतोसी ते माद्रिद सरळ रेषेत साधारण ९,२०० किलोमीटर. स्पॅनिश राजवटीत पोतोसीच्या सेरो रिको या डोंगरातून किती चांदी निघाली याचे अंदाज वेगवेगळे आहेत. आपण हात सैल सोडून ३०,००० टन धरू. एक घनमीटर चांदी साडेदहा टन भरते, म्हणजे ही झाली सुमारे २,८५० घनमीटर. ती एवढ्या अंतरावर एक मीटर रुंदीच्या पट्टीत पसरली, तर पट्टीची जाडी येते मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी. म्हणजे पोस्टकार्डाची जाडी. चांदी दुप्पट धरा, दोन पोस्टकार्डं होतील. त्यावरून माणूस चालणार नाही.

मला या हिशेबात वेगळंच काही दिसतं. ऑलिम्पिकच्या एका जलतरण तलावात जवळजवळ सगळी मावेल इतकीच ती चांदी होती. तेवढ्यावर दोन महासागरांचा व्यापार चालला आणि साम्राज्यांनी कर्जं काढली.

आता रस्ते. १६५८ च्या कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या उत्सवात मिरवणुकीच्या वाटेवरचे दगड काढून तिथे चांदीच्या लगडी अंथरल्या, अशी गोष्ट सांगतात. ती जशीच्या तशी खरी मानली तरी तो एका सणाचा थाट ठरतो. त्यावरून शहराचे रस्ते चांदीचे होते असं म्हणता येत नाही. पोतोसीच्या ऐश्वर्याच्या बहुतेक रंगतदार गोष्टी बार्तोलोमे आर्सान्स दे ओर्सुआ इ वेला या तिथल्याच लेखकापर्यंत जातात. तो १६७६ मध्ये जन्मला आणि १७०५ पासून १७३६ मध्ये मरेपर्यंत शहराचा इतिहास लिहीत राहिला. ज्याने मराठी बखरी वाचल्या आहेत त्याला हे लेखन लगेच ओळखीचं वाटेल: खरी घटना, ऐकीव गोष्ट, चमत्कार आणि आपल्या गावाचा अभिमान, सगळं एकाच ओघात. बखर जशी तोलून वाचतात तसाच तोही वाचावा. मला तो फार आवडतो, पण त्याची वाक्यं सुटी काढून पुरावा म्हणून लावली की त्याच्यावरही अन्याय होतो.

त्या उत्सवाच्या नऊच वर्षं आधी, १६४९ मध्ये, पोतोसीच्या टांकसाळीतला मोठा घोटाळा उघडकीला आला होता. नाण्यांतली चांदी कमी करून त्यात तांबं वाढवलं जात होतं. ही हिणकस नाणी जगभर पसरली आणि पोतोसीच्या नाण्यावरचा विश्वास उडाला. फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा या बड्या चांदीच्या व्यापाऱ्याला १६५० मध्ये मृत्युदंड झाला. चांदीच्या शहरातलं नाणंच चांदीचं राहिलं नव्हतं, आणि फिरत्या मजकुरात याबद्दल अवाक्षर नसतं.

लोकसंख्येबद्दल थोडक्यात. १६११ च्या गणनेचा म्हणून जो आकडा दिला जातो तो १,६०,००० चा. त्या सुमाराला लंडन दोन लाखांच्या आसपास होतं आणि पॅरिस त्याहून मोठं. म्हणजे पोतोसी त्यांच्या पंगतीत बसत होतं, त्यांच्याहून मोठं नव्हतं. पण हे शहर ४,००० मीटरहून उंच, जिथे धड पीक येत नाही अशा जागी होतं. धान्य, लाकूड, कापड, मीठ, मेणबत्त्या, सगळं लामा आणि खेचरांच्या पाठीवरून वर चढायचं. लंडनशी तुलना करताना ही चढण विसरली जाते.

आता ८० लाखांचा आकडा. यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण या आकड्याला हात लावला की ‘म्हणजे अत्याचार झालेच नाहीत का?’ असा प्रश्न लगेच येतो. झाले, आणि भयानक झाले. पण हा आकडा कुठल्याही नोंदीतून आलेला नाही. विसाव्या शतकातल्या लोकप्रिय लेखनाने तो घरोघरी पोचवला.

पोतोसीची वेठबिगार, म्हणजे मिता, हिची घडी व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात बसवली. नेमून दिलेल्या प्रांतांनी दर वर्षी आपल्या सातव्या हिश्शाचे पुरुष पाठवायचे. एकूण सुमारे १३,५०० माणसं, पैकी एका वेळी तिसरा हिस्सा कामावर. मिता कायद्याने रद्द झाली १८१२ मध्ये. दर वर्षी पूर्ण १३,५०० माणसं आली आणि त्यांतला एकही जिवंत परतला नाही असं धरलं, तरी बेरीज सव्वाबत्तीस लाखांच्या घरात थांबते. प्रत्यक्षात सतराव्या शतकात येणाऱ्यांची संख्या उतरतच गेली. मजुरीवर स्वतःहून येणारे ‘मिंगा’ वेगळे होते, पण त्यांनाही धरून ८० लाखांपर्यंत पोचता येत नाही.

मग माणसं गेली कुठे? या प्रश्नाचं उत्तर मला त्या आकड्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतं. कित्येक जण गाव सोडून पळाले. गावात नोंद असलेल्या पुरुषावर मिता लागायची, म्हणून लोक परक्या गावात उपरे होऊन राहिले. जमीन गेली, नातीगोती तुटली, पण मिता टळली. मागे राहिलेल्यांवर गेलेल्यांचाही बोजा पडला. ज्या गावाला माणसं देता येईनात त्याने बदली रोख रक्कम द्यायची असा रिवाज पडला, आणि खाणमालक ती सरळ खिशात घालू लागले. अशा मजुरांना स्पॅनिशमध्ये नावच पडलं होतं: ‘खिशातले इंडियन’. खाणीत न उतरलेल्या माणसाकडूनही खाणीने अशी वसुली केली.

जे उतरले त्यांना दरड, धूळ आणि पडझड होतीच. पण खरा घात पाऱ्याने केला. पहिल्या पंचवीसेक वर्षांत चांदी ‘वायरा’ नावाच्या स्थानिक भट्ट्यांत वितळत असे. त्या डोंगरउतारावरच्या वाऱ्यावर चालत आणि त्यांची विद्या तिथल्या लोकांच्या हातात होती. वरचं कसदार खनिज संपल्यावर १५७० च्या दशकात पाऱ्याची पद्धत आली: खनिज दळायचं, मिठाबरोबर पाऱ्यात मळायचं, पाऱ्याने चांदी धरली की धुऊन तापवायचं. पारा वाफ होऊन जातो आणि चांदी उरते. ती वाफ भट्टीपाशी उभ्या माणसाच्या छातीत जायची. पारा यायचा पेरूतल्या हुआंकावेलिकाच्या खाणीतून, आणि तिथली मिता पोतोसीहूनही जास्त भीतिदायक मानली जायची. दळणाच्या पाणचक्क्यांसाठी डोंगरात बांध घालून तलाव केले होते. १६२६ मध्ये त्यांतला एक बांध फुटला आणि शहराचा मोठा भाग माणसांसकट वाहून गेला. पोतोसी समजून घ्यायचं तर पारा, पाणी आणि वेठ या तीन गोष्टींपासून सुरुवात करावी लागते.

दोमिंगो दे सांतो तोमास या धर्मगुरूने १५५० मध्येच स्पेनला कळवलं होतं की हा डोंगर म्हणजे नरकाचं तोंड आहे. मिता तेव्हा अजून लागूही व्हायची होती. त्याला ८० लाखांची गरज पडली नाही.

या लोकांना केवळ बळी म्हणणंही मला खटकतं. अठराव्या शतकात ‘काख्चा’ नावाने ओळखले जाणारे कामगार शनिवारी रात्री खाणीत शिरत, सोमवारी पहाटेपर्यंत स्वतःसाठी खणत आणि ते खनिज छोट्या गिरण्यांत दळून चांदी काढत. मालक त्यांना चोर म्हणत. तो आपला हक्क आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

‘सगळी चांदी स्पेनने नेली’ हेही अर्धवट आहे. राजाचा वाटा पाचवा हिस्सा होता, १७३६ पासून दहावा. उरलेल्यातली बरीच चांदी अन्न, कापड, पारा आणि जनावरांवर अमेरिकेतच खर्च झाली आणि पुष्कळशी ब्युनोस आयर्समार्गे चोरून बाहेर गेली. स्पेनला पोचलेली चांदीही तिथे थांबली नाही. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये कर्जफेड थांबवली, म्हणजे शेवटची वेळ पोतोसी ऐन भरात असतानाची. सैन्य आणि सावकारांच्या हातून ती चांदी युरोपभर गेली आणि पुढे पूर्वेकडे सरकली. दुसरी वाट मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून मनिलाला आणि तिथून चीनला, जिथे कर चांदीत भरावा लागत होता. सुरतेच्या टांकसाळीत मुघल रुपये पाडायला जी चांदी येई, तिच्यातही अमेरिकेतल्या खाणींची चांदी होती.

डॉलरचं चिन्ह पोतोसीच्या टांकसाळीच्या जोडाक्षरी खुणेतून आलं, ही कल्पना आकर्षक आहे. पण जुन्या हस्तलिखित हिशेबांत ‘पेसो’साठी लिहीत त्या पी-एस या अक्षरांचा सांधा होत होत हे चिन्ह घडलं, हे स्पष्टीकरण जास्त मान्य आहे. ‘डॉलर’ हा शब्द मात्र खरोखर चांदीच्या शहराचा आहे, पण दुसऱ्याच. बोहेमियातल्या योआखिमस्थाल, आजच्या याखिमोवमध्ये १५२० च्या सुमारास पाडलेल्या नाण्याला गावावरून ‘थालर’ म्हणू लागले, त्याचा डॉलर झाला. पुढे १८९८ मध्ये क्युरी दांपत्याला ज्या खनिजात रेडियम सापडलं, तेही याच गावच्या खाणीतलं.

राहिल्या साहसकथा. इथे फिरता मजकूर काळाचा क्रमच उलटा करतो. पोतोसीचा डोंगर स्पॅनिशांना कळला १५४५ मध्ये, दिएगो वाल्पा या स्थानिक माणसामुळे. त्याच्या वीस वर्षं आधीच अलेशो गार्सिया हा जहाज फुटून ब्राझीलच्या किनाऱ्यावर अडकलेला पोर्तुगीज खलाशी ‘चांदीचा डोंगर’ आणि ‘गोरा राजा’ यांच्या कथा ऐकून ग्वारानी या स्थानिक जमातीच्या सोबत्यांसह इंका राज्याच्या सीमेपर्यंत गेला होता. चांदी घेऊन परतताना तो मारला गेला. त्याच कथेपायी स्पेनच्या चाकरीतल्या सेबॅस्टियन कॅबट या दर्यावर्दीने मोलुक्का बेटांकडे निघालेली आपली मोहीम दक्षिण अमेरिकेतल्या एका नदीत वळवली. त्या नदीला रिओ दे ला प्लाता, चांदीची नदी, हे नाव चिकटलं, आणि अर्जेंटिना हे देशाचं नावही लॅटिनमधल्या चांदीवरून आलं. त्या नदीकाठी चांदी नव्हती.

ही ओढ त्याहूनही जुनी आहे. दुसऱ्या शतकात टॉलेमी या भूगोलकाराने इआबादिऊ नावाच्या बेटाची राजधानी आर्गिरे, म्हणजे चांदीची, अशी नोंदवली आणि बेटाच्या नावाचा अर्थ जवाचं बेट असा दिला. आपल्याला त्यात यवद्वीप सहज ऐकू येतं. १६१२ मध्ये सेबास्तियान विस्काइनो हा स्पॅनिश दर्यावर्दी जपानहून निघून प्रशांत महासागरात सोन्या-चांदीची बेटं शोधत फिरला आणि रिकाम्या हाती परतला. त्याच जपानमध्ये इवामीची खाण तेव्हा जगातल्या मोठ्या चांदीच्या खाणींत गणली जात होती.

कादंबरीतही पोतोसीची नक्कल सरसकट दिसत नाही. जोसेफ कॉनरॅडच्या १९०४ च्या ‘नोस्ट्रोमो’मधलं सुलाको हे समुद्रकाठचं शहर आहे. तिथे चांदीचे रस्ते नाहीत. आहे ती एक खाण, तिच्यावर टिकणारी आणि पडणारी सरकारं, आणि चांदीची एक होडी जिच्यापायी एक सचोटीचा माणूस आतून पोखरला जातो. चांदीच्या शहरावर लिहिलेलं इतकं खरं मी फार थोडं वाचलं आहे.

शेवटचा मुद्दा पडक्या घरांचा. चांदी घटली तसं शहर एकोणिसाव्या शतकात फार ओसरलं, हे खरं. मग कथिल आलं आणि शहर पुन्हा भरलं. आज तिथे दोन लाखांच्या आसपास लोक राहतात. १९८७ मध्ये ते जागतिक वारसा झालं आणि २०१४ पासून धोक्यातल्या वारशांच्या यादीत आहे, कारण डोंगर आतून इतका पोकळ झाला आहे की माथा खचतो आहे. तरी खाणकाम थांबलेलं नाही. सहकारी संस्थांचे कामगार आजही जस्त, शिसं, कथिल आणि थोडी चांदी काढतात. कामाच्या आधी ते बोगद्यातल्या ‘तिओ’ या खाणीच्या दैवताच्या मातीच्या मूर्तीपुढे कोकाची पानं ठेवतात, पेटवलेली सिगारेट तिच्या ओठांत देतात, आणि आत जातात.